मैना समोर बसली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर आमटी खारट झाली तर ताट वाढण्याआधीच सांगून टाकते.

मी संख्याशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे एक काम आलं — परदेशातून येणारे अमली पदार्थ विमानतळावर कितपत पकडले जातात, ते मोजायचं. पकडलेला माल मोजता येतो. निसटलेला कसा मोजणार? तो मोजायला थांबतो थोडाच! म्हणून आम्ही आमच्याच बायका प्रवाशांत मिसळायचो, पर्समध्ये तसाच वास असलेली निरुपद्रवी पुडी देऊन. विमानतळावरच्या हुंगणाऱ्या कुत्रीनं ओळखलं की मी ‘आमची’ म्हणायचं, आणि त्या बाईला बाजूच्या दारानं सोडायचं.

कुत्रीचं नाव मैना. तिला सांभाळायचे शिंदे. मैना भुंकत नसे. वास लागला की त्या माणसासमोर गप्प बसायची, आणि शिंदे ‘शाबास’ म्हणेपर्यंत उठायची नाही.

त्या दुपारी आमची एक बाई तापामुळे आलीच नाही. म्हणजे चाचणी अपुरी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागले होते — आणि तेवढ्यात मैना एका किडकिडीत बाईसमोर जाऊन बसली.

“मॅडम, आपलीच का?” शिंदेंनी विचारलं.

आमच्या सगळ्या बायका मी स्वतः निवडलेल्या होत्या. ही त्यातली नव्हती. ओठ कोरडे पडलेले, एक हात पोटावर. ती माझ्याकडे बघत होती — सुटायचं होतं तिला? नाही. पकडलं जायचं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही.

“हो, आमचीच,” मी म्हणाले.

शिंदेंनी शाबासकी दिली. दार मी उघडलं. उंबऱ्यावर ती जरा रेंगाळली. “येते हं, ताई,” म्हणाली, आणि गेली.

अहवालाचं फार कौतुक झालं. मी पेढे वाटले.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. लॉजच्या खोलीत एक बाई मेलेली सापडली, पोटात गिळलेल्या पुड्या फुटून. ओळख पटत नव्हती; माहिती असणाऱ्यांनी पोलिसांशी संपर्क साधावा, असं खाली छापलं होतं. वर फोटो होता — तिचाच. ती या शहरात कुठून आली, कुणी पाठवली, कधी सोडली — यातलं थोडं तरी मी सांगू शकले असते की नाही? मी तो कागद कांद्यांच्या टोपलीत अंथरला. तिला न्यायला कुणी आलं नाही. बेवारस म्हणून जाळली. तिला ‘आमची’ म्हणणारी या शहरात मी एकटीच होते, आणि मी घरी बसून राहिले.

पुढच्या चाचणीला गेले तर मैना सरळ माझ्याकडे आली आणि बसली.

“मॅडम, आज तुम्हीच पुडी आणली की काय?” शिंदे हसले. मीही हसले. घरी जाऊन पर्स टाकून दिली. साडी धुतली, हात साबणानं लाल होईपर्यंत चोळले. पुढच्या वेळी ती पुन्हा येऊन बसली. मग मी ते काम सोडलं.

परवा विश्रांतवाडीत मैत्रिणीकडे गेले होते. समोरून शिंदे आले, निवृत्त झालेले, दोरीला मैना. डोळे पार दुधाळ झालेत तिचे. गर्दीतून माणसांना चुकवत आली, आणि माझ्यासमोर बसली.

“वय झालं हो तिचं,” शिंदे ओशाळून म्हणाले. “नाक गेलं.”

“हो, गेलंच असणार,” मी म्हणाले.

ते दोरी ओढत राहिले. ती उठेना. तोंड वर करून, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत — शाबासकीची वाट बघत. मी रिक्षा थांबवली. वळणावर मागे पाहिलं. मैना बसूनच होती.