त्याने बायला सांगितलेलं विश्व

नवरा गेल्याची बातमी मला फोनवर कळली. आजार बळावल्यापासून मी त्याच्या उशाशी होते आणि त्या सकाळी नेमकी कुडाळ स्टेशनवर गेले होते, मुंबईहून त्याला भेटायला येणाऱ्या त्याच्या विद्यार्थिनीला आणायला. गाडी उशिरा होती. फोन आला तो त्याच्या थोरल्या बहिणीचा, जिला सगळी वाडी ‘बाय’ म्हणते. ती एवढंच म्हणाली, “नीता, ये गो.” मालवणच्या रस्त्याभर ती मुलगी माझ्या शेजारी रडत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती... तेव्हा तिथे बाय होती, मी नव्हते.

सदानंद मासेमारीच्या घरातला. वडिलांचा रापणीत, गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा होता, आई आणि नंतर बाय मासे विकायच्या. या घरातला मुलगा दीर्घिका मोजायला लागला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एकेक वस्ती. या वस्त्या आकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत, कुठे दाटी तर कुठे ओसाड. विश्व अगदी तरुण आणि तापलेलं होतं तेव्हा त्यातून आवाजासारख्या लाटा पसरत होत्या. विश्व निवलं आणि त्या होत्या तिथे थांबल्या. त्यांची खूण अजून शिल्लक आहे : एका ठरावीक अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त सापडतात. ते अंतर ही सदानंदची मोजपट्टी. जवळच्या, लांबच्या, फार लांबच्या दीर्घिकांमध्ये ही पट्टी केवढी दिसते ते पाहिलं, की विश्व कुठल्या काळात किती वेगाने फुगत होतं ते कळतं. यातला ‘किंचित’ हा शब्द माझा. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. त्या जोड्यांच्या आलेखातला बारीकसा उंचवटा खरा की नुसता योगायोग, हे विचारायला तो पहिल्यांदा माझ्याकडे आला आणि मग येतच राहिला. त्याचं प्रेम म्हणजे माझ्यापुढे कागद सरकवून म्हणणं, “बघ, यात कुठे फसलोय का.”

परदेशातल्या डोंगरावरची ती दुर्बीण, महिनोन्‌महिने चालणारी निरीक्षणं, पडद्यावर त्याच्याशी तासन्‌तास बोलणारे सहकारी, या सगळ्यांचा मला हेवा वाटायचा. पण तो सोसता येण्यासारखा होता. त्यांच्या भाषेत मीही बोलू शकत होते. बायचं तसं नव्हतं.

औषधांनी हात टेकल्यावर तो म्हणाला, घरी जाऊ. घरी म्हणजे मालवणला. बाय शेजारच्याच घरात राहते. दुपारी बाजार आटोपला की ती पाटी धुऊन उपडी घालायची आणि आमच्या पडवीत येऊन बसायची. मग याचं तोंड उघडायचं. माझ्याशी जन्मभर पुस्तकी, तोलूनमापून मराठी बोललेला माणूस तिच्याशी मालवणीत असा काही सुटायचा की मी आतून ऐकत राहायचे. अर्धं समजायचं नाही. मी सोलापूरची. इतक्या वर्षांत मला ती बोली नीट आली नाही, आणि शिकवायचं त्याच्याही कधी मनात आलं नाही.

एकदा त्याने हट्टच धरला, धामापूरच्या तळ्यावर जायचं. भगवतीचं दर्शन घेऊन आम्ही तिघं तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. त्याने एक खडा पाण्यात टाकला.

“बाय, ह्या रिंगाण बघ गो. आता समज, तळ्यातला पाणी एकदम थिजला. मगे ह्या रिंगाण थंयच रवतला ना?”

“रवतला.”

“आणि तळा ताणून मोठा केला तर?”

“रिंगाण पण मोठा होतला.”

“ताच मी जन्मभर मोजलंय.”

बाय त्याच्याकडे बघत राहिली. “ह्या मोजूक इतक्या लांब गेलंस? धामापुराक येवचा होता मरे!”

तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, “सदा, पण एकच रिंगण नव्हतं ना. असंख्य होती, एकमेकांत मिसळलेली. म्हणून तर इतक्या दीर्घिका मोजाव्या लागतात.” तो माझ्याकडे वळला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” हसू तिथेच संपलं.

त्यानंतर काही दिवसांनी सहकाऱ्यांकडून नवे निकाल आले. विश्वाला बाहेर ढकलणारी जी अज्ञात ऊर्जा आहे, कृष्णऊर्जा, ती कदाचित कायम तेवढीच नसावी, हळूहळू मंदावत असावी, असं त्या मोजणीतून सूचित होत होतं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “इशारा आहे, पुरावा नाही. तू बघ.” मी सगळं बारकाईने तपासलं आणि सांगितलं की एवढ्यावर मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. “मीही नाही,” तो म्हणाला. मला बरं वाटलं. आम्ही अजून एकाच बाजूला होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते आणि पडवीतून त्याचा आवाज आला. “बाय, ती ढकलणारी शक्ती दमत चालली आसा. माका वाटता, ती दमतलीच. बघ तू.” त्या आवाजात लहान मुलाचा आनंद होता. हातातलं भांडं तसंच राहिलं. जेवढं पुराव्यावर म्हणता येत होतं तेवढंच त्याने मला सांगितलं होतं, आणि जे त्याला वाटत होतं ते तिला.

दिवस झाले, पाहुणे गेले. एका दुपारी मी बायला विचारलं, “शेवटी काय म्हणाला तो?”

“पेज मागल्यान. हाडूक आत गेलंय... इलंय तर झाला होता.”

म्हणजे पेज आणायला ती आत गेली तेवढ्यातच तो गेला, तीही त्याच्यापाशी नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग जे विचारायचंच होतं ते तोंडून निघून गेलं. “बाय, मनातलं सगळं तो तुलाच का सांगायचा? मला का नाही?”

“माका त्यातला काय कळता होता? तुझ्याकडे तेका बरोबर बोलूचा लागा. माझ्याकडे चुकलो तरी चला.” मग उठता उठता म्हणाली, “पण तू जरा खंय गेलंस काय तो दाराकडे बघीत रवा. माझी वाट अशी कधी बघूक नाय तेणा.” तिचा आवाज कडवट होता. मी चमकून पाहिलं. तो कडवटपणा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तरी माझा गेला नाही. वाट बघितली जाण्यापेक्षा, ज्याच्यापुढे चुकलं तरी चालतं असं माणूस व्हायला मला जास्त आवडलं असतं.

पडवीच्या भिंतीवर दीर्घिकांचा एक मोठा नकाशा आहे, त्याच्या विद्यार्थ्यांनी काचेत बसवून पाठवलेला. उघडलेल्या पंख्यासारखा. त्यातला प्रत्येक ठिपका एक दीर्घिका. खाऱ्या वाऱ्याने काच रोज धुरकटते. तो गेल्यापासून बाय बाजारातून आली की आधी पदराने ती काच पुसते. हल्ली ती यायच्या आत मीच ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवते. ती येते, काचेकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि पदर हातात घेऊन परत पुसायला लागते.