चार सूत श्वास

मिस्त्रींचं तोंड म्हणजे चालू करवत. गिऱ्हाईक दाराचं माप द्यायला यायचं आणि स्वतःच्या व्याह्यांची सगळी खबर देऊन जायचं. पण त्या सकाळी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते इतके गप्प बसले, की शेजारी बसलेल्या बायकोलाच धडकी भरली.

कारणही तसंच होतं. चाळीस वर्षांचा लाकडाचा भुसा आणि तरुणपणीच्या सिगारेटी, दोघांनी मिळून फुप्फुसं पोखरली होती. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी स्कॅन करून मोजलं होतं: श्वास सोडला तरी शंभरातल्या अठरा भागांत हवा कोंडून राहते. हा आकडा तिशीपार गेला तर सुतारकामाच्या कारखान्याला कुलूप, असं त्यांनी बजावलं होतं. कारखान्याशिवाय आपण जगायचं कसं, ही मिस्त्रींची भीती. दिवसभर घरात बसलेल्या मिस्त्रींबरोबर जगायचं कसं, ही बायकोची.

"काका, आडवे व्हा," मशीन चालवणारी मुलगी म्हणाली. "मी सांगेन तेव्हा श्वास पूर्ण भरून घ्या. मग सांगेन तेव्हा सोडा. सगळा सोडायचा हं."

भरून घेणं जमलं. सोडताना मात्र गाडी अडली. वडील गेले तेव्हा मिस्त्री उशाशी होते. वडिलांनी असाच एक लांब श्वास सोडला होता, आणि पुढचा घेतलाच नव्हता. मशीनच्या त्या गार, पांढऱ्या कड्यात पडल्या पडल्या मिस्त्रींना तोच आवाज ऐकू आला. मग त्यांनी धंद्यातली युक्ती काढली. फळी कापताना ते मापापेक्षा चार सूत जास्तच ठेवायचे, मागाहून तासता येतं म्हणून. तशी थोडी हवा छातीत राखली आणि चेहरा मात्र सगळी सोडल्यासारखा केला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलं. "श्वास सोडल्यावर फुप्फुस राखाडी दिसायला हवं. हे काळं बघा किती आहे! काळं म्हणजे कोंडलेली हवा. एक्केचाळीस."

मिस्त्रींनी खिशातली कारखान्याची किल्ली चाचपली.

"पण फुप्फुस आकसलेलंही दिसत नाही फारसं," बाई पुटपुटल्या. "श्वास पूर्ण सोडला होता ना?"

"सोडला की!"

हे 'की' बायकोच्या चांगल्या ओळखीचं होतं. "अहो, इकडे बघा. किती ठेवलात?"

"चार सूत," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे?" डॉक्टरीणबाईंना काही उमगेना.

"अर्धा इंच," बायको म्हणाली. "या चार सुतांपायी आमच्या घरातलं एकही कपाट कोपऱ्यात नीट बसलेलं नाही."

बाईंना हसू फुटलं, पण लगेच मावळलं. "काका, तुम्ही राखलेली हवा मशीनने आजारात धरली. परत स्कॅन करू. पण या वेळीही एवढाच आकडा आला, तर तो खरा धरावा लागेल."

म्हणजे आता पळवाटही नाही. मिस्त्री पुन्हा कड्यात सरकले. "सोडा, काका. अजून. अजून." त्यांनी डोळे मिटले आणि सोडत गेले. छाती पाठीला टेकल्यासारखी झाली. कानात नुसती घरघर. मुलगी गप्प. दोन क्षण, तीन... आता काही ती 'घ्या' म्हणत नाही, आपण बापाच्याच वाटेने निघालो!

"घ्या श्वास."

मिस्त्रींनी असा श्वास ओढला, की काचेपलीकडची मुलगी दचकली.

आकडा आला सव्वीस.

"वाढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कुलूप नको. कापायचं मशीन मात्र आजपासून दुसऱ्याच्या हाती. तुम्ही मापं घ्यायची, जोडकाम करायचं, तेही मास्क लावून. पुढच्या वर्षी परत मोजू."

"परत सगळा सोडायचा?"

"सगळा."

जिना उतरताना मिस्त्रींनी बायकोचा हात भर दिवसा, चारचौघांत धरला आणि रस्त्यापर्यंत सोडला नाही. तिनेही तो सोडवून घेतला नाही.