लंकेचा डाव

दादा लंकेतून सुट्टीवर आला तेव्हा गावाने त्याची यथेच्छ थट्टा केली. "शेपटी कुठंय रं तुही? लंका जाळून आला न्हाई का?" पारावरच्या म्हाताऱ्यांना दुसरं सुचायचंच नाही. दादा हसायचा. माझा हा थोरला चुलत भाऊ फौजेत होता, आणि आपली फौज त्या बेटावर गेली तेव्हा तोही गेला होता. परत आला तो अंगाने धडधाकट. जेवताना मात्र घास हातात धरून तसाच बसून राहायचा, आणि काकू, त्याची आई, वाढायची थांबून त्याच्याकडे बघत राहायची.

मी तेव्हा बी.एड. करून, नोकरीची वाट बघत कुंभार पिंपळगावला घरीच होतो. एका दुपारी दादाने मला माळवदावरच्या खोलीत बोलावलं. कपाशीच्या बियाण्याचं मोठं पोस्टर उलटं अंथरून त्याने कोऱ्या बाजूवर किनारा, माडांची रांग आणि एक गल्ली काढली होती.

"फौजेत असंच शिकवतेत. लढाई आधी नकाशावर खेळायची," तो म्हणाला.

आपले जवान म्हणजे सरकी, समोरचे म्हणजे तुरीचे दाणे. फाशांऐवजी घासलेले चिंचोके. तुरी उलट्या वाट्यांखाली दडलेल्या. अगदी जवळ गेल्याशिवाय वाटी उचलायची नाही. घरातल्या वाट्या सगळ्या वर गेल्यामुळे काकू खालून ओरडायची.

एका सरकीला लाल शाई लावली होती. तो दादाचा जोडीदार, बेटावरच्या त्या गल्लीत मारला गेलेला. दुसरीला दोरा बांधला होता, तो स्वतः दादा. डाव कशासाठी मांडलाय ते मला तेव्हा कळलं. लाल सरकी त्या गल्लीतून जिवंत बाहेर काढायची होती.

सुट्टीभर आम्ही खेळलो. तो किनारा बदलायचा, कधी अंधारात उतरायचा, कधी माडांमागून यायचा. मी समोरच्यांकडून खेळायचो आणि मुद्दाम चुकायचो. चिंचोके काही ऐकत नसत. लाल सरकी त्या गल्लीतच मरायची, आणि दादाचा चेहरा दर वेळी बातमी आत्ताच कळल्यासारखा पडायचा. मला त्या पोस्टरचीच भीती वाटायला लागली.

शेवटी न राहवून मी त्यात हुतूतूचा नियम घातला. त्यांचा गडी मेला की रेषेबाहेर बसलेला आपला एक मेलेला गडी उठतो. शाळेपासून आम्ही तसंच खेळत आलो होतो. दादा खुलला. त्याने गल्लीतली एक तूर मारली.

"उठला!" मी ओरडलो आणि लाल सरकी त्याच्या हातात दिली.

त्याने ती गल्लीत ठेवली, डोळे भरून पाहिली. मग मारलेली तूर चिमटीत धरली.

"आन् हा कव्हा उठंल?"

"आपला कुणी मेला तर."

"ह्याला मीच मारल्ता," दादा म्हणाला. "दार ढकललं, तर समोर हा. लई भेल्ता. माह्याकडंच बघून राह्यल्ता."

तो उठून खाली गेला.

सुट्टी संपून दादा गेला, तेव्हा वाट्या आणायला मी वर गेलो. त्याने डाव मांडूनच ठेवला होता. लाल सरकी गल्लीत होती. ती तूरही उठून आपल्या जागी आली होती. रेषेबाहेर फक्त दोरा बांधलेली सरकी होती. काकूला मी काही सांगितलं नाही, वाट्या तेवढ्या धुऊन दिल्या.

दादा पुढे सुखरूप परतला, पेन्शनीत निघाला. लग्न झालं, मुलं झाली. पण तो बसतो ओट्याच्या अगदी कडेला, बाद झालेले गडी रेषेबाहेर बसायचे तसा. हाक मारली तरी ओ देत नाही. मग थकलेली काकू ताट वाढून दारात येते, त्याच्या खांद्याला हात लावते.

"उठ रं बाबा, उठ आता."

तो दचकून तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "कोण मेलं?"