धुक्यातली बारा पावलं

माझी देवीवर श्रद्धा आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी परक्या मुलखातल्या डोंगरावर बसले होते, तेव्हा ती आहे की नाही हेच मला कळत नव्हतं. असलीच, तर अमरावतीच्या अंबामातेला इतक्या लांबून हाक ऐकू येईल का, असला बावळट प्रश्नही मनात आला. त्या दुपारची भीती अजून गेलेली नाही. लिहून टाकलं तर हलकं वाटेल म्हणून लिहिते आहे.

पस्तीस वर्षं मी दर्यापूरकडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. नॉर्वेच्या खाड्या, न्यूझीलंडची कुरणं, स्वित्झर्लंडचे आल्प्स, सगळं खडूनं फळ्यावर काढलं आणि त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. पोरी विचारायच्या, "बाई, तुमी गेल्या का तिथं?" मी नकाशाची सुरळी करत विषय बदलायची. जगातले सगळ्यात सुंदर देश कोणते, याची एक यादीही मी वहीत करून ठेवली होती. निवृत्तीनंतर मुलीनं हट्टानं आम्हा दोघांना स्वित्झर्लंडच्या सहलीला पाठवलं. आमचे हे वलगावला शेती करणारे. ज्या जमिनीवर वखर चालत नाही तिचं कौतुक कशाला, असं त्यांचं मत. तरी माझ्यासाठी आले. विमानात मी खिडकीशी बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

माझ्या माहेरची एक रीत आहे. नव्या गावात पाऊल टाकलं की आधी तिथल्या गावदेवीला हात जोडायचे, मग पाणी प्यायचं. चौथ्या दिवशी आमची बस डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा गावात थांबली. समोरच्या उतारावर एक पांढरं, एका खोलीएवढं देऊळ दिसत होतं. क्रूस होता वर, पण मला त्याचं काय, आत जी असेल ती मला त्या गावची राखणदारीणच वाटली. बस सुटायला अडीच तास होते. मी म्हटलं, दोन वावरं ओलांडली की पोचलो. सकाळी यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि हॉटेलातल्या त्या कोरड्या पावाचे दोनच तुकडे खाल्ले होते. जेवण झाल्यावर जाऊ, असं ते म्हणालेही. मी ऐकलं नाही. वर्गात मुलांना उठवावं तसं मी त्यांना उठवलं.

हा घोळ आमच्या काळ्या सपाट मातीचा. आमच्याकडे शेजारच्या गावाचा कळस दिसला की धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, सरळ चालत सुटायचं, पोचतोच माणूस. जे दिसतं ते जवळ, हे आमच्या डोळ्यांना लहानपणापासून ठाऊक. डोंगरात डोळा आणि देऊळ यांच्या मधे अख्खी दरी लपून बसते, हे भूगोलाच्या बाईंना माहीत असायला हवं होतं. तासभर चाललो तरी ते देऊळ तेवढंच दिसत होतं. मग पायाखाली एकदम खोल घळ आली. मी मुकाट्यानं मागे वळले. तेवढ्यात वरून धुकं उतरलं. आधी देऊळ गेलं, मग उतार गेला, मग पायवाट गेली. आमचे फोन फक्त हॉटेलच्या वायफायवर चालायचे. मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

यांचा हात माझ्या हातात होता. तो थरथरतो आहे हे मला उशिरा कळलं. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. साखर उतरत होती. खिशात नेहमी खडीसाखर असते, पण त्या दिवशी मुलीनं घेऊन दिलेला नवा कोट होता आणि पुडी बसमधल्या पिशवीत राहिली होती. ते एका दगडावर बसले आणि उगाच सोयाबीनबद्दल काहीतरी बोलायला लागले. मग एकदम शुद्धीवर आल्यासारखे म्हणाले, "तू जाय. मानसं घेऊन ये. मी बसतो इथंच."

आणि मी गेले. हेच मला सांगायचं आहे. त्यांचा हात सोडला आणि मी धुक्यात चालायला लागले. बारा पावलं मोजली मी. तेराव्याला मागे वळून पाहिलं, तर मागे काहीच नव्हतं. दगड नाही, माणूस नाही, नुसतं पांढरं. त्या क्षणी जी भीती वाटली, ती माझी आई गेली तेव्हाही वाटली नव्हती. त्यांना मी माझ्या हातानं हरवलं होतं. कुठून आले तेही कळेना. मी गुडघ्यांवर बसून ओल्या गवतात चाचपडू लागले. तेवढ्यात डाव्या बाजूनं खोकला ऐकू आला. पुन्हा आला. त्या खोकल्याच्या मागे मी अक्षरशः रांगत गेले आणि त्यांच्या बुटाला हात लागला तेव्हा रडले.

मग मी बसले. आयुष्यात प्रथमच काही करायचं नाही असं ठरवून बसले. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवीला म्हटलं, "माय, मले काही कळून नाही राहिलं. आता काय करायचं ते तूच पाय." मागणं मागायचंही सुचलं नाही. हाका थांबल्या तसं सगळं शांत झालं. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून घंटेचा आवाज आला. टण, टण, मधे थांबून पुन्हा टण. एकीला दुसरीनं उत्तर द्यावं तशा घंटा वाढत गेल्या आणि धुक्यातून एक तपकिरी गाय बाहेर आली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. त्यांची कास भरलेली होती. शेतकऱ्याची बायको आहे मी. दूध काढायच्या वेळी भरल्या कासेची गाय कुठे जाते, ते मला कुणी सांगायला नको होतं.

यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि शेवटच्या गाईच्या पाठीवर हात ठेवून निघाले. ती थांबली की आम्ही थांबायचो. जेमतेम पाव तासावर लाकडी गोठा होता. आत माझ्याच वयाची एक बाई धारा काढत होती. तिनं यांच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं आणि मी 'शुगर' म्हणताच ती उठली. कोमट दुधात दोन चमचे साखर घालून पेला त्यांच्या ओठांना लावला. मग मी पाजलं, घोट घोट. थोड्या वेळानं यांचे डोळे निवळले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "गाय किती दूध देते, विचार तिले." मी हसले की रडले, आठवत नाही. सहलीच्या ओळखपत्रावरच्या नंबरला फोन करून त्या बाईनं आमची माणसं बोलावली. निघताना मी तिच्या पाया पडले. ती गोंधळली, मग तिनंही माझे दोन्ही हात धरले.

गाई रोज त्याच वेळी परततात, यात चमत्कार कसला, असं मुलगी म्हणते. बरोबरच आहे तिचं. मी वाद घालत नाही. मात्र मी धावत, ओरडत असते तर त्या घंटा मला ऐकू आल्या नसत्या, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

ती बारा पावलं मात्र मला खात होती. परत आल्यावर अंबामातेचं दर्शन घेऊन आम्ही सभामंडपात बसलो होतो. मी यांना म्हटलं, "तुमाले सोडून निघाली होती मी."

त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले माहीत हाये. जाय म्हतलं मीच. पन तुह्या पायाचा आवाज दूर गेला आन मले लय भेव वाटलं. हाक निघत नवती. मंग मी मुद्दाम खोकलत राहिलो."

समोर देवी होती, शेजारी हे होते. मी डोळे मिटले आणि त्यांचा हात धरून तशीच बसून राहिले.