खिडकीपाशी उभी राहून

राळेगावच्या शाळेत ती माझ्या पुढच्या ओळीत बसायची. घर नुकतंच बौद्ध झालेलं, आईबाप मजुरीला. कापसाच्या दिवसांत ती सकाळी वावरात वेचणी करून तिथूनच शाळेत यायची. वेणीत कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा. बोलणं इतकं संथ, की दोन शब्दांच्या मधे ती कुठेतरी जाऊन येते असं वाटे. जमिनीवर बसून, वहीवर वाकून लिहिता लिहिता ती मधेच मान मागे टाकायची आणि डोळे मिटायची. मला वाटायचं, स्वप्न बघतेय.

एका दुपारी ती उठून उभी राहिली. "गुरुजी, मान लय दुखते. खिडकीपाशी उभी राहून लिहू काय?"

वर्ग हसला. असलं दुखणं गुरुजींना सांगता येतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"कायनं दुखते?" गुरुजींनी विचारलं.

"सकाळी वाकून कापूस वेचा, मंग इथं वाकून लिहा. मान सरळ कवा करू?"

गुरुजींनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिही."

खिडकीच्या रुंद कट्ट्यावर वही ठेवून ती लिहू लागली. बाहेर उन्हात पांढरं शिवार तरंगत होतं. तिचे आखडलेले खांदे हळूहळू सैल झाले. विहिरीवरून घागरी वाहून माझ्याही पाठीत कळ यायची. मी वही घेऊन उठले, गुरुजींना विचारलंसुद्धा नाही. तिनं आपली दौत बाजूला सरकवली आणि मला जागा करून दिली.