प्याद्यानं मारायचं हाय

हरण्यासाठी जिंकण्याहून जास्त कष्ट घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते मलकापुरात ऊस लावत, पण जीव सगळा बुद्धिबळाच्या पटावर. सोंगटीला हात लागला की तीच चालायची, हा पटावरचा नियम त्यांनी संसारातही आणला होता. बाजारात एकदा किडक्या वांग्याला बोट लागलं, तर ते त्यांनी निमूटपणे विकत घेतलं. तेव्हापासून अक्का त्यांना बजावून धाडायची, "आवं, हात खिशातच ऱ्हाऊ द्या."

सांगलीच्या स्पर्धेत तिथले एक निवृत्त मास्तर त्यांना दरसाल हरवत. मास्तरांना एकदा तरी हरवावं, एवढीच दाजींची इच्छा उरली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या एका हिवाळ्यात ती वेळ आली. मास्तरांचा राजा पुरता कोंडला होता आणि दाजींचा वजीर एका चालीत मात देत होता. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते दिसलं. दाजींनी मात्र कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"हवालदार, वजीर दिसत नाही का?" मास्तरांनी विचारलं.

"दिसतोय की. वजिरानं कुनीबी मारतंय, मास्तर. तुमाला प्याद्यानं मारायचं हाय."

आमच्याकडच्या जुन्या खेळाडूंत प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. डाव सोडून देऊन मास्तरांना तो मान नाकारता आला असता. राजा आडवा करायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला आणि ते खेळत राहिले. प्यादं एकेक घर चढत गेलं. शेवटच्या चालीसाठी दाजींनी हात पुढे केला, तोच पंचांनी घड्याळ दाखवलं. दाजींची वेळ संपली होती. डाव मास्तरांचा झाला.

"आता त्ये प्यादं चालू का?" दाजींनी शांतपणे विचारलं.

"चाला," मास्तर म्हणाले.

प्यादं त्या घरात बसलं. मास्तरांनी राजाच्या सगळ्या वाटा तपासल्या, आणि उठून हात जोडले.

परतीच्या एसटीत मी चिडून म्हणालो, "दाजी, हातातला डाव घालवलात."

"गेला की. पन मात बघितलीस न्हवं? लय देखनी हुती, गड्या."

दाजी गेल्यावर अक्काने त्यांचा पट मला दिला. समोर वजिराची मात दिसली की मी ती देतो आणि जिंकतो. मग सोंगट्या आवरण्याआधी, जागचं न हललेलं एखादं प्यादं बराच वेळ बघत बसतो.