फुलाबाईंचा वरचा सूर

पाली गावात हळदीचं जातं मांडलंय आणि फुलाबाई तिथं नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. त्यांनी वरचा सूर लावला की मांडवाबाहेरचे गडीसुद्धा बोलायचे थांबत. असा गळा दुसरा दाखवा बरं मला!

त्याच फुलाबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर लग्नाकार्याला जाणं सोडलं. "लई शेफारली म्हातारी," बायका म्हणाल्या. म्हणेनात का! खरं कारण फुलाबाईंनाच ठाऊक होतं. वरचा सूर लावला की लुगडं ओलं व्हायचं. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली होती: बाहेर पडायचं तर सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

पण नातवाचं, स्वरूपचं, लग्न ठरलं आणि पठ्ठ्या हटूनच बसला. "आज्जे, जात्यावर तू न्हाई बसलीस तर मला हळदच नगं." अखेर त्यांनी नातीला, शिवानीला, सगळं सांगितलं. तिनं त्यांना एसटीनं भोरला नीरजा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली. जंतू नव्हते. "घाईची लागून वाटेतच होते, की खोकल्या-हसल्यावर?"

"गाताना व्हती."

त्यांना उभं करून खोकायला लावलं. कोरडं ठाक! फुलाबाई हिरमुसल्या. आता ही बाई आपल्याला खोटारडी समजणार.

"आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"थेंब न्हाई. एसटीत पंचाईत नगं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि होतं नव्हतं ते बाटलीत दिलंत! मग मला दिसणार काय?"

भरपूर पाणी पाजून त्यांना बाकावर बसवलं, मग पुन्हा आत घेतलं. "आता खोकू नका. हळदीचं गाणं म्हणा."

फुलाबाई लाजून चूर झाल्या. मग डोळे मिटून त्यांनी असा काही सूर लावला, की बाहेरची रांग गप्प झाली. आणि लुगडं भिजलं.

"सापडलं!" डॉक्टर म्हणाल्या. "खालचे स्नायू सैल पडलेत. लघवी अडवताना आवळता ना, तसं रोज आवळायचं, सोडायचं. सूर चढवायच्या आधीही आवळायचं. आणि पाणी तोडायचं नाही."

दिवाळीपासून वैशाखापर्यंत फुलाबाईंनी भाकरी थापताना, बांधावर बसल्या बसल्या तो व्यायाम केला. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

हळदीच्या दिवशी जात्याच्या खुंट्याला हात घालण्याआधी त्या सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी घटाघटा प्याल्या. मग सूर चढला, चढतच गेला. स्वरूप डोळे पुसत राहिला. लुगडं कोरडं होतं आणि फुलाबाईंची मान ताठ.

त्यांच्याच वयाच्या सखूबाई एरवी दाराशीच बसायच्या. आज त्या हळूच जवळ सरकल्या. "फुले, येवढं पानी प्यालीस. भ्या न्हाई वाटलं?"

फुलाबाईंनी जातं थांबवून सखूबाईंकडे पाहिलं. हे भ्या त्यांच्याही चांगल्या ओळखीचं होतं.

"सोमवारी माज्यासंगं भोरला चल," त्या म्हणाल्या. "आन् पानी पिऊन ये."